साठात साठ जात नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

ड्रायर गेला! सकाळी सव्वासातला, आप्पांच्या चादरी पोटात असताना. आधी करकरला, मग जळका वास, मग चिडीचूप. दार उघडलं तर चादरी कोमट आणि ओल्याच. मी त्याला एक लाथ घातली. सोळा वर्षांच्या चाकरीनंतर हा निरोप बरा नाही, पण वेळ तरी काय निवडली मेल्याने!

ऊन दिसून नऊ दिवस झाले. खिडकीत टाकलेला रुमालसुद्धा संध्याकाळी जसाच्या तसा.

नवीन घ्यायचा तर किती मोठा, ते आधी लिहून काढते. आप्पांना रात्री ताबा राहत नाही, त्याला दोन वर्षं झाली. शहाऐंशी वर्षांच्या सासऱ्यांना काय बोलायचं? आमच्याकडे त्यावर कोणी बोलतच नाही. मी सकाळी सहाला जाते, ते झोपलेले असतात, त्यांना कुशीवर वळवून सगळं काढून घेते, कोरडं घालते. रोज दोन चादरी, एक जाड दुलई, एक पायजमा. धुवायचं, वाळवायचं, आणि नऊला पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत घर घरासारखं करायचं. शिवणाची खोली आणि आप्पांची खोली शेजारीशेजारी, मध्ये नुसतं एक दार. दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला पत्ता लागलेला नाही. हे मी अभिमानाने लिहितेय.

५ नोव्हेंबर, बुधवार

मेकॅनिक आला. पाठ उघडून आत बघितलं आणि डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात तशी हलवली. "काकू, ह्याचा पार्ट आता कुठेच मिळायचा नाही. कंपनीच बंद झाली." मग म्हणाला, "नवीन घ्याल तो आठ किलोचा घ्या. चादरीला आत फिरायला जागा लागते. जागा नसली की नुसती तापते, वाळत नाही." शहाणा माणूस. चहा दिला.

चादरी खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर, दारांवर. एक तर माझ्या कापायच्या टेबलावर! त्या टेबलावर मी चहाचा कपसुद्धा ठेवू देत नाही कोणाला.

आप्पा बघत होते. म्हणाले, "सूनबाई, लहानसाच घे हो. दोन माणसांच्या घराला मोठा कशाला?"

"तीन, आप्पा. तुमचा मुलगा, मी आणि तुम्ही."

"हो हो. तीन."

आयुष्यभर लोकांची मापं तोंडपाठ ठेवणारा माणूस, आणि घरातली माणसं मोजताना चुकतो! मी हसले, तेही हसले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जागा मोजली. न्हाणीघराची भिंत आणि नळांचा खांब, यांच्या मधला कोनाडा. जुना ड्रायर अरुंद होता, तो तिथेच असायचा. दोन्हीकडे पक्कं बांधकाम. कपडा असता तर उसवून सैल केला असता.

टेप माझी नेहमीचीच — म्हणजे आप्पांची. लग्न होऊन आले तेव्हा मला साधं बटण लावता येत नव्हतं. कोट शिवण्यात आप्पांचा हात धरणारा या शहरात कोणी नव्हता. त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. पहिला कोट मी एकटीने पुरा केला त्या दिवशी स्वतःच्या गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली. "टेप एकच ठेव, पोरी. जिने मोजायचं तिनेच कापायचं. टेप बदलली की माप बिघडलं." तीस वर्षं झाली. दुसऱ्या टेपेला मी हात लावलेला नाही.

तर — साठ. बरोब्बर साठ. वर, खाली, मध्ये, तीनदा मोजलं.

संध्याकाळी पाच दुकानांत फोन लावले. आठ किलोचं एकजात प्रत्येक यंत्र साठ रुंद. साठात साठ जात नाही, हे शिकाऊ मुलीलाही कळतं. अंगाबरोबर शिवलेला कोट घातला तर जातो, पण काढताना माणूस रडतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात गेलो. मी आणि हे. ह्यांना आज बसवर जायचं नव्हतं. सहा दिवस बस चालवून आलेला माणूस सातव्या दिवशी फक्त मान डोलावतो, तेवढं काम ह्यांनी चोख केलं.

विक्रेता मोठा गोडबोल्या. टाय घट्ट, शर्टाचे खांदे मात्र एक बोट उतरलेले. माझं अर्धं लक्ष तिकडेच. एक प्रकार नळीचा — भिंतीला भोक पाडून गरम वाफ बाहेर सोडायची. एक टाकीचा — कपड्यातलं पाणी टाकीत जमतं, ती रोज ओतायची, आणि खोली भट्टी होते. तिसरा हीट पंपाचा — हळू वाळवतो, पण वीज कमी खातो आणि लोकरसुद्धा आखडत नाही. मला हा तिसराच पटला. पण रुंदी? साठ, साठ, साठ!

पन्नास रुंदीचा एकच होता. तीन किलोचा. कोपऱ्यात अंग चोरून उभा.

गोडबोल्या म्हणाला, "ताई, जागा नीट मोजलीय ना? आमचा माणूस येऊन मोजून देईल, त्याचे पैसे पडत नाहीत."

मी म्हटलं, "तीस वर्षं माणसं मोजतेय. माणसं श्वास घेतात, पोट आत ओढतात, खोटं बोलतात, तरी माझं माप चुकत नाही. भिंत काय चुकवणार?"

ह्यांनी मान डोलावली. छोटा घेतला. रोज दोनदा लावीन, चारदा लावीन. कामाला मी कधी घाबरले?

९ नोव्हेंबर, रविवार

नणंद आली. ती शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि घरी येतानाही शाळा बरोबर घेऊन येते. मनात मी तिला हेडबाईच म्हणते.

दारातूनच — "वहिनी, हे घर आहे की लाँड्री?" मग पर्समधून रंगीत कागद काढला. केअर सेंटर म्हणे! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वृद्धाश्रमच तो. खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी होतेय, महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवतील. चोवीस तास माणसं. "तू पण आता पंचावन्नची झालीस, वहिनी. तुझी कंबर..."

माझी कंबर माझी मी बघून घेईन!

सगळं बोलून टाकलं. म्हटलं, ज्या माणसाने माझ्या हातात कात्री दिली त्याला मी एका बॅगेसकट पोचवून येऊ? लोक तोंडात शेण घालतील ते राहू दे, मला स्वतःला आरशात बघवणार नाही. हे खिडकीबाहेर बघत बसले. आप्पा आपल्या बंडीचं वरचं बटण लावत होते, काढत होते, लावत होते. मी विचारलं, "आप्पा, तुम्हीच सांगा हिला." तर म्हणाले, "चहा झाला का?"

शेवटी हेडबाई म्हणाली, "नवीन ड्रायर येऊ दे. दोन आठवडे बघ. घर सांभाळून, काम सांभाळून जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर हट्ट सोड."

कबूल! मी आहे तोवर आप्पा या घरातून कुठेही जाणार नाहीत. इथे लिहून ठेवते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

छोटा आला. पायजमा, बनियन, दोन टॉवेल — पाऊण तासात कुरकुरीत! हेडबाईला फोन करून सांगितलं. "चादर टाकलीस का?" म्हणाली. शिक्षकांना शिकलेलं सोडून नेमकं न शिकलेलंच विचारायची खोड असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चादर टाकली. तिने स्वतःचा लाडू वळला. वरून कोरडी, पोटात ओली. पुन्हा लावली. पुन्हा तसाच लाडू.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

एका वेळी एकच चादर, आणि मध्ये दोनदा थांबवून झटकायची. दुलई तर दारातून आतच जात नाही. नऊ वाजले तरी एक चादर यंत्रात, एक आरशावर, दुलई जिन्यावर. डॉक्टरीणबाई लोकरीच्या कोटाच्या ट्रायलला आल्या. कोट चढवला, नाक मुरडलं. "वास कसला येतोय हो? कुबट?" चार दिवस ओलसर खोलीत टांगलेला कोट — येणारच. मी काहीतरी पाइप फुटल्याचं सांगितलं. मधलं दार उघडं होतं. आप्पा खुर्चीत बसले होते, सगळं ऐकत.

दुपारनंतर त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. चहाही नको म्हणाले. असं केलं की रात्री ओलं होणार नाही, हा त्यांचा हिशोब. डॉक्टरांनी कितीदा बजावलंय, पाणी कमी करू नका.

आणि खोली झाडताना पलंगाखाली चादर सापडली. पहाटे स्वतःच उठून काढलेली असणार. ओली. पण घडी अशी — कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, इस्त्री केल्यासारखी. आयुष्यभर कापड हाताळलेल्या हाताची घडी.

मला रडू आलं. कशाचं ते नीट सांगता येत नाही, पण त्यात राग जास्त होता. त्या टीचभर यंत्राचा राग, डॉक्टरीणबाईच्या नाकाचा राग. आप्पांवरही रागावले — मला सांगायला काय झालं होतं? मी परकी आहे का?

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुकानात फोन. म्हटलं, हा परत न्या. आणि माणूस पाठवा, कोनाडा कसा रुंद करता येईल ते बघायला. खांब थोडा तासता येत असेल तर तासू. मी काही हात टेकलेले नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आजचं लिहायला मजाही येतेय आणि लाजही वाटतेय.

दुकानाचा माणूस आला. कमरेला लोखंडी टेप. कोनाड्यात आडवी लावली आणि म्हणाला, "काकू, हे साठ नाही. एकसष्ट आहे."

म्हटलं, तुझी टेप बघ.

म्हणाला, "माझी लोखंडाची आहे."

मी माझी काढली. लावली. साठ! त्याने त्याची लावली. एकसष्ट! दोघं भांडलो. मी त्याला तीस वर्षं ऐकवली. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "काकू, दोन्ही टेपा टेबलावर शेजारी ठेवूया का?"

ठेवल्या. कापायच्या टेबलावर, शून्याला शून्य लावून. दहापर्यंत दोघी मैत्रिणी. साठाला माझी टेप एक सेंटीमीटर पुढे निघून गेलेली. तिचं दीडशे संपतं तिथे लोखंडी टेप म्हणते एकशे साडेबावन्न!

ओढली गेलीय. कापडाचीच ती. रोज शंभर वेळा गळ्यातून ओढायची, छातीवर ताणायची, आधी आप्पांच्या हातात, मग माझ्या. मग कपडे कसे बरोबर बसतात? बसणारच! जिने मोजलं तिनेच कापलं, चूक चुकीला खाऊन टाकते. आणि एकदम आठवलं — जी गिऱ्हाइकं घरी मोजून फोनवर माप सांगतात त्यांचेच कपडे ढगळ होतात! इतकी वर्षं मी त्यांना सांगत आले, "बाई, तुम्ही बारीक झालात." किती जणी खूश होऊन गेल्या असतील!

पळत जाऊन आप्पांना सांगितलं. ते हसले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, खोकला आला. "अगं, मला माहीत होती ती ओढलेली. म्हणून तर म्हटलं, एकच ठेव. घरातल्या घरात चालतं ते. बाहेरच्या वस्तूला लावायची नसते ती."

"हे तेव्हाच सांगायचंत ना!"

"तू भिंती मोजशील असं कुठे वाटलं होतं मला?"

कित्येक महिन्यांत असे हसले नव्हते. हे कामावरून आले तेव्हा मी आणि आप्पा पुन्हा पहिल्यापासून सांगत होतो, आणि ह्यांनी या खेपेला मान डोलावली नाही, ठसका लागेपर्यंत हसले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आठ किलो, हीट पंपाचा. दुकानात जाऊन स्वतः उभं राहून लोखंडी टेपेने यंत्र मोजलं. गोडबोल्या कौतुकाने बघत होता की घाबरून, कळलं नाही. साठाला पाव कमी. छोटा परत घ्यायला जरा का-कू केली, पण त्याच्या शर्टाचे खांदे उचलून देते म्हटलं, तिथल्या तिथे टाचण्या लावून दाखवल्या. पाघळला.

हळू वाळवतो, हे खरं. सव्वादोन तास. म्हणजे धुणं साडेपाचला लावायचं, सव्वासहाला ड्रायर, साडेआठला सगळं कोरडं. नऊच्या आत! चादरी, दुलई, पायजमा — एका दमात. आप्पांकडे सहाऐवजी सव्वापाचला जावं लागेल, एवढंच. ह्यांचा गजर पाचलाच असतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आला. दोन माणसांनी उचलून आणला, कोनाड्यात सरकवला आणि — गेला! दोन्ही बाजूंना अर्ध्या बोटाची फट. बाहीला असावी तितकी. मी टाळ्या वाजवल्या. उचलणारे दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठ वाजून अठ्ठावीस मिनिटं. दोन्ही चादरी कोरड्या. दुलई फुललेली. कोण म्हणतं जमत नाही?

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरीणबाई कोट न्यायला आल्या. मी तो कालच नव्या यंत्राच्या लोकरीच्या सेटिंगवर फिरवून काढला होता. त्यांनी नाक लावून हुंगला, हो, माझ्यासमोर! मग म्हणाल्या, "सुरेख." खोली कोरडी, आरसा मोकळा, जिना मोकळा.

आप्पांना सांगितलं, आता पोटभर पाणी प्या, यंत्र समर्थ आहे. "बरं," म्हणाले. ग्लास अर्धा ठेवला. सवय मोडायला वेळ लागतो. होईल.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळी

आज हेडबाई येणार. येऊ दे! चादरींचा ढीग मुद्दाम समोर ठेवलाय, कपाटात ठेवलेला नाही. हात लावून बघ म्हणावं. दुलईवर गाल ठेवून बघ. दोन आठवडे मागितले होतेस ना? तो रंगीत कागद आता तिने पर्समध्येच ठेवावा, मी शब्दसुद्धा लागट बोलणार नाही. जिंकणाऱ्याने मोठ्या मनाने वागावं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ती खोली नणंदेने शोधली नव्हती. आप्पांनी तिच्याकडून शोधून घेतली होती, सप्टेंबरातच. ड्रायर तेव्हा धडधाकट होता. त्यांचं नाव मला सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातली होती. ती माझं सगळं ऐकून घेत राहिली.

काल तिने ढिगाला हातही लावला नाही. म्हणाली, "आप्पा, आता तरी सांगा."

"चादरी वाळत नव्हत्या म्हणून नाही गं, पोरी," आप्पा म्हणाले. "तू सकाळी येतेस तेव्हा मी जागा असतो. दोन वर्षं डोळे मिटून पडतो. तिथे जे येतील त्यांना मी कधी शिवण शिकवलेलं नाही. त्यांच्यासमोर मला डोळे उघडे ठेवता येतील."

मी चादरींचा ढीग उचलून कपाटात ठेवला.

आज दुपारी ते स्वतः माझ्या खोलीत आले, टेबलाला धरून ताठ उभे राहिले. उंची कमी झालीय, पँटी जमिनीला लागतात, म्हणाले, नवीन ठिकाणी नीटनेटकं जायला हवं. मी खाली बसले, माप घेतलं. तीन सेंटीमीटर.

शनिवारी जायचंय. तीन पँटी आहेत. दोन झाल्या.